पुस्तक कोणतं, मिस्टर आष्टीकर?

देवाला न मानणाऱ्या घरात मुलाचं नाव भगवान ठेवायचं, ही गंमत आपल्याकडेच होऊ शकते. आईबापांच्या मनात भगवान बुद्ध होते, पण हाका मारताना पुढचं 'बुद्ध' कोण लावत बसतो? त्यामुळे जगाच्या दृष्टीनं हा भगवान म्हणजे सरळ विष्णूचा माणूस झाला. शाळेत घालताना वडिलांनी आडनावही बदललं आणि गावाचं लावलं, आष्टीकर. ऐकणाऱ्याला त्यावरून काही म्हणजे काही कळू नये, एवढाच हेतू. असं दोन्ही बाजूंनी झाकलेलं नाव घेऊन भगवान आष्टीकर पंच्याऐंशी साली बर्मिंगहॅमला आला आणि पुढची एकवीस वर्षं त्या नावाच्या आडोशाला सुखानं राहिला. आडोशाला माणूस जेवढ्या सुखानं राहू शकतो, तेवढ्या सुखानं.

खोटं तो कधी बोलला नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कुणी चुकीचं समजलं तर ते दुरुस्त करायचं नाही, इतकंच त्यानं केलं. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीला तो मागच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवायचा. दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती होती, पण इंग्लंडात बुद्ध गार्डन सेंटरमध्ये कुंड्यांच्या शेजारी मिळतो, त्यामुळे तिचा कुणाला संशय आला नाही. बाबासाहेबांचा फोटो मात्र बेडरूममध्ये, कपाटाच्या दाराला आतून लावलेला होता. मुलगी झाली तेव्हा आजीला तिचं नाव यशोधरा हवं होतं, ह्यानं शाल्मली ठेवलं. दोन हजार एकच्या जनगणनेत धर्माचा प्रश्न ऐच्छिक होता. भगवाननं तो रिकामा सोडला आणि फॉर्म पोस्टात टाकून आल्यावर दोनदा हात धुतले. का धुतले, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

त्याची आणखी एक खोड होती. समोरच्याची पंचाईत झालेली त्याला बघवत नसे. कुणाला शब्द सुचला नाही की हा पुरवणार, कुणी नको ते बोलून बसलं की हा विषय बदलणार. मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर शशी पटवर्धन त्याचे वीस वर्षांचे मित्र. दर बुधवारी दोघांचं बॅडमिंटन. शशीला 'कोट्यातून आलेल्या डॉक्टरांचे' विनोद सांगायची हौस होती. विनोद संपल्यावर खोलीत कुणी अवघडलं, तर सगळ्यांत आधी हसून वातावरण मोकळं करणारा माणूस भगवानच असायचा. हे लिहिताना सुद्धा मला त्याचा राग येतो.

तर दोन हजार सहा साली हा मनुष्य मॅजिस्ट्रेट झाला. तिकडे हे काम बिनपगारी असतं. साधीसुधी माणसं निवडतात, तिघांना एका बाकावर बसवतात आणि चोऱ्यामाऱ्या, दारू पिऊन केलेल्या हाणामाऱ्या त्यांच्यापुढे आणतात. भगवान एका ओतकाम कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होता. ब्रेकच्या ओतीव भागांना डोळ्याला न दिसणारी भेग गेलीय का, ते रंग लावून बघायचं, हे त्याचं काम. तिथल्याच एका गोऱ्या सहकाऱ्यानं त्याला अर्ज करायला लावला. दोन मुलाखती झाल्या. शेजाऱ्याशी भांडण झालंय का, मुलीला कधी मारलंय का, सगळं विचारलं. धर्म कुणी विचारला नाही.

धर्म विचारला तो ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी दुपारी, फोनवर, कोर्टाच्या ऑफिसातल्या बाईंनी. शपथविधी ऑक्टोबरच्या दुसऱ्या गुरुवारी आहे, किती पाहुणे आणणार, वगैरे विचारून झाल्यावर त्या म्हणाल्या, "पुस्तक कोणतं, मिस्टर आष्टीकर? बायबल, कुराण, गीता, सगळं आहे आमच्याकडे. की अफर्म करणार? तेही चालतं."

आता हा प्रश्न येणार हे भगवानला ठाऊक होतं. देवाची शपथ घ्यायची नसेल त्यानं नुसतं सत्यप्रतिज्ञेवर सांगायचं, त्यासाठी वेगळं कार्ड असतं, हे त्यानं कोर्टाकडून आलेल्या पुस्तिकेत वाचून त्याखाली पेन्सिलीनं रेघही मारली होती. उत्तर ओठांवर होतं. पण फोन दिवाणखान्यात, आणि सोफ्यावर तीन फुटांवर शशी चहाचा कप घेऊन बसलेला.

"गीता," भगवान म्हणाला.

शशीनं तिथूनच अंगठा वर केला. फोन ठेवल्यावर म्हणाला, "कोर्टातली कॉपी नको हं घेऊस. कुणाकुणाचे हात लागलेले असतात. आमच्या अण्णांची गीता आहे माझ्याकडे, ती आणून देतो. सगळं मंडळ येणार आहे ऐकायला. आपला माणूस बेंचवर बसतोय, चेष्टा आहे का?"

'आपला माणूस' भगवाननं ऐकलं. चहा घेतोस का आणखी, असं त्यानं विचारलं आणि तो स्वयंपाकघरात जाऊन नुसताच उभा राहिला.

त्या दिवसापासून त्याचं बूड कुठे टेकेना. कारखान्यात एकच पार्ट तीनतीनदा तपासू लागला. घरी आला की कोट काढायच्या आधी परत बाहेर. बर्मिंगहॅमला अकरा नंबरची बस आहे, ती शहराला बाहेरून पूर्ण चक्कर मारून जिथून निघाली तिथेच येते, अडीच तासांत. हा शनिवारी त्या बसमध्ये वरच्या मजल्यावर बसायचा आणि कुठेच उतरायचा नाही. ड्रायव्हर बदलले तरी हा आपला तिथेच. खिशात दोन्ही मजकुरांची झेरॉक्स. एकात 'आय स्वेअर बाय ऑलमायटी गॉड', दुसऱ्यात 'आय डू सॉलेम्नली, सिन्सिअर्ली अँड ट्रूली डिक्लेअर अँड अफर्म'. पुढचं सगळं सारखंच, राणीशी इमान राखीन, सर्व प्रकारच्या लोकांना न्याय देईन, कुणाचं भय धरणार नाही, कुणावर मेहेरनजर करणार नाही. फरक एका ओळीचा. त्या ओळीभोवती तो शहराएवढ्या फेऱ्या मारत होता.

एका फेरीत त्यानं ग्लासगोला शाल्मलीला फोन लावला. ती तिथे कायदा शिकत होती.

"बाबा, अफर्म कर ना. वॉट्स द बिग डील? माझा मैत्रीण ज्युरीमध्ये होता, तिने पण तेच केला."

"मंडळाचे लोक येणार आहेत, बाळा. त्यांना वाटेल..."

"काय वाटेल? आपण बुद्धिस्ट आहे ना? मी तर सगळ्या फॉर्मवर तेच लिहिते."

"लिहितेस?"

"ऑफ कोर्स. का, तू नाय लिहीत?"

भगवाननं बस बोगद्याखालून चाललीय असं सांगून फोन बंद केला. त्या मार्गावर बोगदा नव्हता. एकवीस वर्षांत तो सरळसरळ खोटं बोलला ते हे पहिलं, आणि तेही स्वतःच्या पोरीशी.

घरात बायको कल्याणीचं मत वेगळं होतं. ती मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत शिकवायची, आणि शशीची बायको उल्का तिची जिवाभावाची मैत्रीण. "गीतेवर हात ठेवल्यानं हात जळत नाही," ती म्हणाली. "एक मिनिटाचं काम. नंतर आयुष्यभर माणसं आपली राहतात. तुम्हाला काय, तुम्ही कारखान्यात जाल. मला रविवारी त्यांच्यात बसायचंय."

"आणि आई?"

आई हाच तर खरा पेच होता.

आई म्हणजे शांताबाई. छप्पन साली नागपूरला दीक्षा झाली तेव्हा त्या सोळा वर्षांच्या, नुकतं लग्न झालेल्या. आष्टीहून माणसं निघाली त्यांत त्याही निघाल्या, फडक्यात भाकरी बांधून. लाखो माणसांबरोबर उभं राहून त्यांनी बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. अर्धे शब्द तेव्हा कळले नाहीत, पण घरी आल्याबरोबर देव्हाऱ्यातले टाक उचलून विहिरीत सोडले. सासरे आठ दिवस जेवले नाहीत. नवव्या दिवशी जेवले आणि पुढल्या वर्षी त्यांनीही दीक्षा घेतली. या ऑक्टोबरात त्या दीक्षेला पन्नास वर्षं होत होती. दीक्षाभूमीवर केवढा सोहळा होणार होता. तो सोडून शांताबाई इंग्लंडला आल्या होत्या, कारण मुलगा न्यायासनावर बसणार होता. "बाबासाहेबानं कायदा लिवला, माहा पोरगा कायदा सांगंन," असं त्या विमानात शेजारच्या पंजाबी बाईला सांगत आल्या. बाईला मराठी येत नव्हतं.

आल्या दिवशीच भगवाननं त्यांना समजावलं होतं, "आई, इथल्या लोकांना जय भीम नको म्हणू. नमस्कार म्हण. इथं तसंच चालतं." शांताबाईंनी त्याच्याकडे जरा बघितलं आणि मान हलवली. तेव्हापासून त्या नमस्कार म्हणत होत्या. मंडळाच्या बायका त्यांच्या पाया पडायच्या, तेव्हा पाय मागे घ्यायच्या.

सप्टेंबरअखेरीला शशी अण्णांची गीता घेऊन आला. लाल रेशमी फडक्यात गुंडाळलेली, कडा पिवळ्या पडलेल्या. वडिलांची वस्तू अशी कुणी देत नाही. शशीचे डोळे खरंच भरून आले होते, आणि नेमकं तेच भगवानला सोसेना. दुष्टाव्याला उत्तर देता येतं, मायेपुढे माणूस काय करणार? त्यानं गीता दोन्ही हातांनी घेतली. शशी बघत होता म्हणून कपाळालाही लावली. कोपऱ्यातल्या खुर्चीत शांताबाई मेथी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

शशी गेल्यावर त्यांनी विचारलं, "कोर्टात काय बोलाचं रायते, थे सांग बरं मले."

"इंग्रजीत असतं, आई."

"मंग मराठीत सांग."

भगवाननं झेरॉक्स काढली. पहिल्या कागदाचं भाषांतर सोपं होतं. सर्वशक्तिमान ईश्वराची शपथ घेऊन सांगतो की. म्हणताना त्यानं वर बघितलं नाही. शांताबाई म्हणाल्या, "अन दुसऱ्या कागदावर?"

दुसऱ्यापाशी तो अडला. अफर्मला मराठीत काय म्हणायचं? 'ठामपणे सांगतो' म्हणून बघितलं, ते भाजीबाजारातलं वाटलं. 'जाहीर करतो' म्हणजे लिलाव. मग कुठूनसा शब्द आला आणि तो म्हणून गेला, "मी गंभीरपणे, प्रामाणिकपणे, खरेपणानं प्रतिज्ञा करतो की..."

"प्रतिज्ञा," शांताबाई म्हणाल्या.

"हो."

"देवाचं नाव नाही त्यात?"

"नाही."

"राणीच्या कायद्यात असं हाय?"

"सव्वाशेच्या आसपास वर्षं झाली त्याला. पूर्वी इथंही देव मानल्याशिवाय माणसाला पार्लमेंटात बसू देत नव्हते. एकाला तर उचलून बाहेर काढला होता. मग भांडून भांडून कायदा झाला."

शांताबाई मेथीच्या काड्या गोळा करून उठल्या. जाता जाता म्हणाल्या, "त्यायनं भांडून घेतलं, आपल्याले फुकट भेटलं." गीतेबद्दल एक शब्द नाही. 'गीतेवर हात ठेवशील तर तोंड बघणार नाही' असं काही त्या म्हणाल्या असत्या तर त्याचं काम हलकं झालं असतं. आईनं अडवलं म्हणून अफर्म केलं, असं निदान बायकोला सांगता आलं असतं. पण त्या माउलीनं काही म्हटलंच नाही, आणि निर्णय ज्याचा त्याच्याच गळ्यात राहिला.

मधल्या दोन आठवड्यांत त्यानं काय काय करून बघितलं. कोर्टात फोन करून विचारलं, प्रतिज्ञा करायची आणि हातात पुस्तकही धरायचं, असं चालतं का? बाई शांतपणे म्हणाल्या की तसं कधी कुणी केलेलं नाही, पण कार्ड बदलायचं असेल तर शेवटच्या क्षणी सांगितलं तरी चालेल, कारण कुणी विचारत नाही. इंग्रज विचारत नाहीत हो, हे त्याला सांगायची गरज नव्हती. मग त्यानं शशीला सुचवलं की गुरुवार कामाचा दिवस, एवढ्या लोकांनी कशाला रजा टाकायच्या? शशीनं उलट मिनीबस ठरवली.

गुरुवारी सकाळी कोर्टाच्या वरच्या मजल्यावरच्या मोठ्या दालनात नवे अकरा मॅजिस्ट्रेट पुढच्या बाकावर बसले. समोर उंचावर शपथ देणारे न्यायाधीश, मागे घरची माणसं. शशी नव्या सुटात, उल्का पैठणीत, मंडळाचे आणखी सहाजण, कल्याणी, आणि तिच्या शेजारी पांढऱ्या साडीत शांताबाई. काळ्या झग्यातल्या मदतनीस बाईंनी यादी वाचून खात्री करून घेतली. अण्णांची गीता त्यांच्या टेबलावर दोन बायबलांच्या आणि एका कुराणाच्या बाजूला ठेवली होती. "मिस्टर आष्टीकर, गीता. बरोबर?" त्यांनी विचारलं. भगवाननं मान हलवली. हलली ती मान 'हो' म्हणाली की नुसतीच थरथरली, ते त्याला कळलं नाही, बाईंनी तिला हो समजून टिक केली.

त्याचा नंबर सातवा होता. पहिले चौघे बायबल उचलून भराभर बोलून गेले. पाचवी एक तरुण बाई, तिनं नुसतं कार्ड धरून प्रतिज्ञा केली. भगवाननं वळून लोकांकडे बघितलं. कुणी भुवईही उचलली नव्हती. पण ती गोरी होती, तिचं सोयरसुतक कुणाला? सहावे गृहस्थ कुराण हातात घेऊन उभे राहिले तेव्हा भगवाननं दाराकडे बघितलं. पळून जावं, बसमध्ये बसावं, असं त्याला खरोखर वाटलं.

"मिस्टर भगवान आष्टीकर."

तो उभा राहिला. बाईंनी लाल फडकं अदबीनं सोडून गीता पुढे केली आणि दुसऱ्या हातात कार्ड दिलं. मागून मोबाइलचा कॅमेरा सुरू झाल्याचा आवाज आला, तो शशीचा. दोन्ही कार्डांवर सुरुवात एकच होती, मी, अमुक अमुक.

"आय, भगवान आष्टीकर," तो म्हणाला आणि थांबला.

पुढचा शब्द 'स्वेअर'. तो त्याच्या डोळ्यांसमोर ठळक छापलेला होता. भगवाननं तो म्हणायचा प्रयत्न केला, हेही सांगायला हवं. तोंड उघडलं, जीभ टाळूपर्यंत गेली. पण सोळा वर्षांची एक पोरगी विहिरीच्या काठावर उभी आहे आणि ओच्यातून टाक खाली सोडतेय, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. त्या विहिरीतलं पाणी प्यायला तो. उद्यापासून इथे बसून दुसऱ्यांना 'खरं सांग' म्हणायचं, आणि सुरुवात ही?

न्यायाधीश चष्म्यावरून बघत होते. त्यांना घाई नव्हती.

"सर, क्षमा करा," भगवान इंग्रजीत म्हणाला. "मला अफर्म करायचं आहे."

"अवश्य," न्यायाधीश म्हणाले. बाईंनी गीता पुन्हा फडक्यात गुंडाळली, कार्ड बदललं, आणि भगवाननं पहिल्यापासून सुरुवात केली. सगळं मिळून मिनिटभर गेलं असेल. वाचताना आवाज एकदाच कापला, भय धरणार नाही या शब्दांवर.

जागेवर येऊन बसल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की हसू यायला लागलं. संपलं. सगळ्यांसमोर झालं. आता मंडळाला कळलं, शशीला कळलं, काय व्हायचं ते होवो. बाजूच्या गृहस्थांनी त्याचा हात हातात घेऊन दाबला, तो कशासाठी हे न विचारता त्यानंही दाबला.

पण आपण एकविसाव्या शतकात आहोत, इतक्या स्वस्तात सुटका होत नाही. शपथविधीनंतर बाहेरच्या लांबलचक दालनात चहाबिस्किटं मांडली होती. शशी लांबूनच हात पसरून आला.

"लेका, तू नास्तिक? वीस वर्षांत कधी बोलला नाहीस. आमच्या अण्णांना टांग मारलीस की रे."

"इंजिनिअर लोक असेच असतात," उल्का म्हणाली. "आमच्या भावाचं पण हेच. रॅशनल की काय ते."

"हो ना," कल्याणीनं घाईघाईनं दोर पकडला. "यांचं पहिल्यापासूनच देवाधर्माचं फारसं नाही." तिच्या चेहऱ्यावर आठवडाभरात पहिल्यांदा रंग आला होता. मंडळाचे बाकीचेही हसले. कुणीतरी म्हणालं, चला, कोर्टाला एक विज्ञानवादी मिळाला.

भगवान चहाचा कप घेऊन तसाच उभा राहिला. एवढं जीव तोडून जे केलं, त्याला यांनी दोन मिनिटांत सभ्य नाव देऊन घरात घेतलं होतं. नास्तिक चालतो. नास्तिक आपल्यातलाच असतो, उलट जरा हुशार समजला जातो. पूर्वीपेक्षा चांगला, वाऱ्यापावसाचा आडोसा त्याला आयता मिळत होता, आणि त्यासाठी काहीच करायचं नव्हतं. फक्त हसायचं होतं. सगळे त्याच्या हसण्याची वाट बघत होते. गालांचे स्नायू सवयीनं हललेही.

शांताबाई शेजारी बिस्कीट हातात धरून उभ्या होत्या. नास्तिक म्हणजे काय, ते त्यांना चांगलं कळत होतं. त्या मुलाकडे बघत नव्हत्या, दालनाच्या उंच छताकडे बघत होत्या. भगवानला एकदम आईची दया आली, आणि त्यापाठोपाठ स्वतःची भयंकर लाज वाटली. इथे न्यायाधीश नव्हता, कार्ड नव्हतं, मराठीत काय म्हणायचं ते त्याचं त्यालाच म्हणायचं होतं.

"नास्तिक म्हणून नाही, शशी," तो म्हणाला. "मी बौद्ध आहे. आम्ही आंबेडकरांचे. आईनं छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली, त्यांच्याच समोर. मी त्या घरातला."

कल्याणीनं कप बशीत ठेवला, त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. उल्का पदर सारखा करू लागली. बाकीच्यांना अचानक बिस्किटांची आठवण झाली आणि ते टेबलाकडे वळले. शशी मात्र हलला नाही. भगवानच्या खांद्यावर हात ठेवून, मान वाकवून हलक्या आवाजात म्हणाला, "अरे, हळू. मला माहितीय."

"काय माहितीय?"

"हेच. पहिल्यापासून. तू नवीन आलास ना इकडे, तेव्हा आमचे मामा आर्वीला पोस्टमास्तर होते. आष्टी त्यांच्याच टापूत. सहज पत्रात विचारलं होतं, आष्टीकर कोणाचे म्हणून. त्यांनी लिहिलं, आपल्यात आष्टीकर नाहीत." तो मायेनं हसला. "पण मी कधी कुणाला बोललो? कधी तुला जाणवू दिलं? गीता तरी का दिली मी? चारचौघांत तुला कुणी काही विचारू नये म्हणूनच ना."

वीस वर्षं. दर बुधवारचं बॅडमिंटन, गणपतीतली मागची रांग, कपाटाच्या दाराआडचा फोटो. ज्याच्यापासून लपायचं, तो पहिल्या वर्षापासून बघत उभा होता. आणि बघत असताना तोंडावर ते विनोद सांगत होता, आणि हा सगळ्यांत आधी हसत होता.

"म्हणजे ते कोट्याचे विनोद," भगवान म्हणाला. "मी समोर बसलेला असताना. माहीत असून?"

"ते तुझ्याबद्दल थोडेच होते," शशी म्हणाला. त्याला खरंच नवल वाटलेलं दिसत होतं. "तू वेगळा आहेस रे. तू म्हणजे..."

"वेगळा म्हंजे कसा, डॉक्टरसाहेब?"

शांताबाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता. गावाकडे वाट विचारावी तसं साधं विचारलं, आणि उत्तर ऐकायला मान वर करून त्याच्याकडे बघत राहिल्या.

शशीनं तोंड उघडलं. "आई, म्हणजे, तसं नाही... भगवान आमचा म्हणजे कसा..." त्यानं उल्काकडे बघितलं, ती टेबलाकडे बघत होती. कल्याणीकडे बघितलं. मग नेहमीच्या भरवशानं त्यानं भगवानकडे बघितलं, की आता हा शब्द पुरवील, काहीतरी बोलून विषय पलीकडे नेईल. खाली रस्त्यावरून बस गेली. चहा वाटणाऱ्या बाईनं दूध हवं का म्हणून विचारलं आणि ती पुढे गेली.

भगवानला शब्द सुचत होते. दोनतीन तर अगदी तयार होते. तो आईच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि शशीच्या उत्तराची वाट बघू लागला.